सी ड्राइव्ह साफ केला तरी परत परत भरतोय? डिलीट करत बसण्याआधी कोण भरतंय ते पकडा

ज्यांचा सी ड्राइव्ह पहिल्यांदाच भरलाय त्यांच्यासाठी ही पोस्ट नाही. त्यांनी रिसायकल बिन रिकामा करावा, डाऊनलोड्समधले जुने सेटअप उडवावेत आणि मोकळं व्हावं. ही पोस्ट आहे ती ज्यांचं दुखणं परत परत येतं त्यांच्यासाठी, म्हंजे आज बसून वीसेक जीबी मोकळी केली, चार दिवस बरं वाटलं, आणि पुढच्या आठवड्यात धिस पीसी उघडून बघावं तर ती पट्टी परत लाल. ही पट्टी लाल होते ती दहा टक्क्यांच्या खाली जागा गेली की, तोवर निळीच असते, त्यामुळे लाल दिसेपर्यंत कोणीतरी आत बराच काळ जागा खात बसलेलं असतं.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात, तर फोटो आणि पिक्चर उडवतात, कारण ते दिसतात आणि मोठे असतात. पण फोटो काही रोज आपोआप वाढत नव्हते ना! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. जे वाढतंय ते वेगळंच काहीतरी आहे, बहुतेक वेळा लपवलेल्या फोल्डरात आहे, आणि तुम्ही केलेली मोकळी जागा ते आरामात खाऊन टाकणार आहे. म्हणून आधी शोध, मग सफाई.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकतो. २५६ जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज २३८ च दाखवतंय, म्हंजे जागा चोरीला गेली का, तर नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. शिवाय विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नवीन मशीनवर काही जीबी जागा अपडेटसाठी राखून ठेवलेली असते, साधारण सात जीबी. या दोन्ही गोष्टी एका जागी स्थिर असतात, वाढत नाहीत, त्यामुळे यांच्या मागे लागू नका.

आता शोध. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग स्टोरेज इथे गेलात तर कशाने किती जागा खाल्लीय ते दिसतं, पण तिथे ‘अदर’ नावाखाली चाळीस जीबी दाखवलं की त्यावरून काय कपाळ कळणार. त्यापेक्षा विझट्री किंवा विनडरस्टॅट यातलं एक टाका, दोन्ही फुकट वापरता येतात. विझट्री फार पटकन काम करतं कारण ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची पद्धत) ड्राइव्हची फाईलींची जी मुख्य यादी असते तीच थेट वाचतं. मात्र राईट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करूनच चालू करा, नाहीतर काही सिस्टीम फोल्डर वाचताच येत नाहीत आणि मग बेरीज जुळत नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसणार.

स्कॅन झालं की लगेच डिलीट बटणाकडे जाऊ नका. वरचे दहा-पंधरा मोठे फोल्डर आणि त्यांचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढला तरी चालेल. मग कॉम्प्युटर नेहमीसारखा वापरा आणि तीन-चार दिवसांनी परत स्कॅन मारा. जो आकडा बदललाय तो तुमचा चोर. सगळ्यात मोठा फोल्डर हा चोर असेलच असं नाही हे लक्षात घ्या, ६० जीबीचा गेम गेले वर्षभर ६० च आहे आणि ३ जीबीचा लॉगचा, म्हंजे प्रोग्राम काय काय करतो त्याच्या नोंदींचा, फोल्डर चार दिवसांत ९ झालाय, तर पकडायचा तो लॉगवाला.

थांबायला वेळ नसेल, म्हंजे डोळ्यांदेखत जागा कमी होत असेल, तर विंडोज बटण आणि आर दाबून रेसमॉन (resmon) टाईप करा, रिसोर्स मॉनिटर उघडेल. त्यात डिस्कच्या टॅबवर जाऊन ‘राईट’ या कॉलमवर क्लिक केलं की आत्ता या क्षणी कुठला प्रोग्राम कुठल्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त लिहितोय ते वर येतं, फाईलच्या पूर्ण पत्त्यासकट. हे विंडोजमध्ये आधीपासून आहे, काही डाऊनलोड करावं लागत नाही, तरी बहुतेकांना माहीत नसतं.

बरं, आता नेहमीचे संशयित. सगळे लिहीत नाही, जे परत परत भरतात तेच.

पहिला मान युजर्सच्या आतल्या तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या ॲपडेटाला. हा लपवलेला असतो, फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत ‘हिडन आयटम्स’ चालू केलं की दिसतो. माझ्या मते दहातले सात चोर इथेच सापडतात. चॅटची ॲप्स ग्रुपमधले बरेच फोटो-व्हिडिओ आपोआप इथे उतरवून ठेवतात, तुम्ही ते मुद्दाम उघडले नसले तरी. इथल्या फाईली हाताने उडवल्या तर ॲप त्या परत उतरवणार, म्हणून ॲपच्या आतलं सेटिंग बदला. टेलिग्रामच्या डेस्कटॉप ॲपमध्ये सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड आणि मग ‘मॅनेज लोकल स्टोरेज’ मध्ये कॅशला (परत लागतील म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फाईलींना) जास्तीत जास्त किती जागा द्यायची आणि किती दिवस ठेवायचं हे दोन्ही ठरवता येतं. व्हॉट्सॲपमध्ये मीडिया आपोआप डाऊनलोड होणं बंद करा. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांनी ॲपडेटाच्या रोमिंगमधला ॲडोबीचा ‘मीडिया कॅश फाईल्स’ हा फोल्डर बघावा, प्रोजेक्ट संपून वर्ष झालं तरी त्याचा कॅश तिथेच पडून असतो, प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया कॅश या पानावर ठरावीक दिवसांनी आपोआप पुसायची सोय आहे ती चालू करून टाका आणि विसरून जा. गुगल ड्राइव्ह वापरत असाल तर ॲपडेटा, लोकल, गुगल यात ‘ड्राइव्हएफएस’ नावाचा फोल्डर असतो, फाईली ऑनलाईनच आहेत म्हणून आपण निर्धास्त असतो आणि हा इकडे कॅश साठवत बसलेला असतो.

आयफोनवाले, तुम्ही तर नक्की बघा. फोन कधी कॉम्प्युटरला जोडून आयट्यून्सने बॅकअप घेतला असेल तर तो रोमिंगमधल्या ‘ॲपल कॉम्प्युटर’ मध्ये ‘मोबाईलसिंक’ नावाखाली असतो, आणि स्टोअरवरून आयट्यून्स घेतलं असेल तर तुमच्या युजर फोल्डरातच ‘ॲपल’ नावाच्या फोल्डरात. एकेका बॅकअपचे कित्येक जीबी होतात आणि विकून टाकलेल्या फोनचेही बॅकअप तिथे सुखाने नांदत असतात. हे फोल्डरातून उडवू नका, आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये डिव्हायसेस या टॅबवरून काढा म्हणजे कुठला बॅकअप कुठल्या फोनचा आणि किती तारखेचा ते दिसतं.

‘क्रॅशडंप्स’ हा फोल्डरही ॲपडेटाच्या लोकलमध्येच असतो. तो भरतोय याचा अर्थ एखादा प्रोग्राम सारखा आपटतोय आणि दर वेळी मेमरीची नक्कल तिथे टाकून जातोय. फाईलींच्या नावातच प्रोग्रामचं नाव असतं. फाईली उडवा पण त्या प्रोग्रामला अपडेट करा किंवा काढून टाका, नाहीतर दोन आठवड्यांनी परत हेच.

दुसरा चोर लॉग. सी ड्राइव्हवर विंडोज, लॉग्ज, सीबीएस असा फोल्डर आहे. अपडेट बसवताना विंडोज जे काही करतं त्याची नोंद तिथे होते, ती फाईल मोठी झाली की विंडोज तिला दाबून छोट्या कॅब फाईलमध्ये ठेवतं. आता गंमत अशी की लॉगची फाईल दोन जीबीच्या वर गेली तर हे दाबायचं काम फसतं, पण अर्धवट झालेली फाईल विंडोजच्या आतल्या टेम्प फोल्डरमध्ये तशीच राहते, मग थोड्या वेळाने विंडोज परत प्रयत्न करतं, परत फसतं, परत एक फाईल, आणि असं करत करत डिस्क पूर्ण भरेपर्यंत हे चालू. विंडोज ७ वर हा प्रकार फार गाजला होता आणि अजूनही जुन्या मशीनवर दिसतो. ओळखायची खूण म्हणजे टेम्पमध्ये ‘कॅब’ आणि पुढे आकडे अशा नावाच्या ढीगभर फाईली. नुसत्या त्या उडवल्यात तर दुसऱ्या दिवशी परत येतील, कारण मूळ लॉग तिथेच आहे. सर्व्हिसेस उघडा, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर’ ही सर्व्हिस थांबवा, सीबीएस फोल्डरमधले लॉग उडवा, मग टेम्पमधल्या कॅब फाईली उडवा, आणि मशीन रीस्टार्ट करा. अपडेट चालू असताना मात्र यात हात घालू नका.

लॉगचा दुसरा प्रकार म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, अँटिव्हायरस असल्यांचे स्वतःचे लॉग, हे बहुतेक ‘प्रोग्रामडेटा’ या लपलेल्या फोल्डरात सापडतात. कधी तरी तक्रार केली असते, सपोर्टवाला सांगतो डीबग लॉगिंग चालू करा, तक्रार मिटते आणि लॉगिंग बंद करायचं राहून जातं.

तिसरा, रिस्टोर पॉईंट, म्हंजे काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून विंडोजने जपून ठेवलेली सिस्टीमची आधीची स्थिती. हा चोर विझट्रीतही कधीकधी नीट दिसत नाही. ‘सिस्टीम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ नावाच्या कुलूपबंद फोल्डरात तो असतो आणि एक्सप्लोररमधून बघायला गेलात तर आकार शून्य दाखवतो. सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज बघितल्या तर १४० जीबी आणि ड्राइव्ह सांगतोय १८० वापरलेत, असा फरक असेल तर पहिला संशय यावर घ्या. स्टार्टमध्ये ‘क्रिएट अ रिस्टोर पॉईंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडा, कॉन्फिगर दाबा, तिथे किती टक्के जागा द्यायची त्याची सरकपट्टी आहे. ती तीन ते पाच टक्क्यांवर आणा. पूर्ण बंद करू नका असं माझं मत, एखादा बिघडलेला ड्रायव्हर बसला तर हाच कामाला येतो.

चौथा, विंडोजचे स्वतःचे अपडेट. मोठी आवृत्ती बदलली की ‘विंडोज डॉट ओल्ड’ हा फोल्डर तयार होतो, वीस-पंचवीस जीबी सहज असतो, पण तो दहा दिवसांनी विंडोज स्वतःच उडवतं, तोपर्यंत जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. नवीन आवृत्तीवर सगळं नीट चालत असेल आणि जागेची घाई असेल तर सेटिंग्जमधल्या ‘टेम्पररी फाईल्स’ मधून आधीही काढता येतो.

‘विनएसएक्सएस’ बद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं कारण त्यावरून लोक फार घाबरतात. हा विंडोजच्या आत असतो, बघावं तेव्हा दहा-पंधरा जीबी दाखवतो. पण त्यातल्या बऱ्याच फाईली खरं तर सिस्टीमच्या इतर फोल्डरातल्या फाईलींचीच दुसरी नावं आहेत, डिस्कवर जागा एकदाच लागलेली असते आणि एक्सप्लोरर ती दोन्हीकडे मोजतो. खरा आकडा बघायचा तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून डिस्म या टूलला ‘ॲनालाईझ कंपोनंट स्टोअर’ चा पर्याय द्यायचा, ते सांगतं खरी जागा किती आणि सफाईची गरज आहे की नाही. गरज असेल तर त्याच टूलचा ‘स्टार्ट कंपोनंट क्लीनअप’. एरवी हीच सफाई विंडोज स्वतःच्या वेळापत्रकाने करतं, फक्त नवं अपडेट बसल्यावर जुन्या फाईलींना निदान ३० दिवस हात लावत नाही, हाताने चालवलं की ती मुदत पाळली जात नाही एवढाच फरक. त्याला ‘रीसेट बेस’ जोडायचा सल्ला सगळीकडे दिसतो, तो जोडला तर आधी बसलेली अपडेट नंतर काढता येत नाहीत, म्हणून मी तरी जोडत नाही. आणि हा फोल्डर हाताने उडवायचा विचार सुद्धा करू नका, मशीन चालू व्हायचं बंद होईल.

हायबरफिल नावाची फाईल सी ड्राइव्हच्या मुळाशी दिसेल, ती हायबरनेटसाठी (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्यासाठी) असते आणि रॅमच्या साधारण ४० टक्के, म्हंजे १६ जीबी रॅम असेल तर सहा-साडेसहा जीबी. ही वाढत नाही, पण हायबरनेट वापरतच नसाल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं (इंग्रजी अक्षरांत) दिलं की फाईल जाते. फास्ट स्टार्टअपही (मशीन पटकन चालू व्हायची सोय) त्याबरोबर बंद पडतं हे धरून चाला. तिच्या शेजारची पेजफाईल, म्हंजे रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी जागा वापरतं ती, मात्र वाढू शकते. ती एकदम पंधरा-वीस जीबी झाली असेल तर दोष डिस्कचा नाही, एखादा प्रोग्राम मेमरी गिळत बसलाय, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या कॉलमवर लावून बघा. पेजफाईल बंद करू नका, ऐन कामात प्रोग्राम पडायला लागतील.

आता ‘डिलीट केलं तरी जागा वाढली नाही’ ही दुसरी तक्रार. साधं कारण म्हणजे रिसायकल बिन, आणि प्रत्येक ड्राइव्हचा तो वेगळा असतो. त्यापुढचं कारण, फाईल अजून कुठल्यातरी प्रोग्रामने धरून ठेवलीय, अशा वेळी शटडाऊन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन नसतोच. आउटलुकमधले मेल उडवले तरी त्याची डेटा फाईल लगेच आकसत नाही, अकाउंट सेटिंग्जमध्ये डेटा फाईलला ‘कॉम्पॅक्ट’ करावं लागतं, आणि एक्सचेंजचं अकाउंट असेल तर किती महिन्यांचे मेल ऑफलाईन ठेवायचे ते कमी करा. डॉकर (सॉफ्टवेअर बनवणारे वापरतात ते टूल) वापरणाऱ्यांचं तर हे नेहमीचं रडगाणं आहे, आतल्या इमेज कितीही उडवा, बाहेरची व्हर्च्युअल डिस्कची फाईल फुगलेली तशीच राहते, तिला वेगळं आकसावं लागतं.

वनड्राइव्हच्या बाबतीत जपून. फाईल डिलीट केली की ती ऑनलाईनही आणि बाकीच्या मशीनवरूनही जाते. तुम्हाला फक्त इथली जागा मोकळी हवी असेल तर फोल्डरवर राईट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ करायचं, फाईल दिसत राहते, इथे जागा घेत नाही, उघडली की उतरते.

हात लावू नये असं आणखी एक ठिकाण म्हणजे विंडोजच्या आतला ‘इन्स्टॉलर’ फोल्डर. लपलेला असतो, विझट्रीत मोठा दिसतो, नाव वाचून वाटतं जुने सेटअप असतील, उडवूया. त्यातल्या फाईली बसवलेले प्रोग्राम अपडेट करायला, दुरुस्त करायला आणि काढायला लागतात. उडवल्या तर त्या दिवशी काहीच होत नाही, होतं ते सहा महिन्यांनी, एखादं सॉफ्टवेअर निघतही नाही आणि नवीन बसतही नाही, आणि तोवर आपण काय केलं होतं ते आठवतही नसतं. प्रीफेच फोल्डरही (प्रोग्राम लवकर उघडावेत म्हणून विंडोज ठेवतं तो) सोडून द्या, त्यात मिळण्यासारखं काही नसतंच.

रजिस्ट्री क्लीनर, म्हंजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या जुन्या नोंदी पुसणारी टूल्स? जागेसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही, रजिस्ट्रीतल्या हजार नोंदी काढल्या तरी डिस्कवर फरक दिसत नाही, आणि एक चुकीची गेली तर निस्तरायला दिवस जातो. ‘एका क्लिकमध्ये सगळं साफ’ वाल्या टूल्सवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. सीसीक्लीनरसारख्या नावाजलेल्या टूलची ५.३३ ही आवृत्ती २०१७ मध्ये कंपनीच्या अधिकृत डाऊनलोडमधूनच मालवेअरसकट लोकांपर्यंत गेली होती.

एखादा मोठा फोल्डर कशाचा आहे तेच कळत नसेल तर डिलीट करू नका, त्याचं नाव बदला, मागे ‘जुनं’ जोडा, आणि आठवडाभर मशीन वापरा. काही बोंबललं तर नाव परत पूर्ववत. काहीच नाही झालं तर बाहेरच्या डिस्कवर हलवा. हे फक्त ॲपडेटा आणि प्रोग्रामडेटातल्या अनोळखी फोल्डरांसाठी हां, विंडोजच्या फोल्डरात असले प्रयोग नकोत. आणि एसएसडीवरून डिलीट झालेली फाईल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळेल या भरवशावर राहू नका, ट्रिम (डिलीट झालेली जागा खरोखर रिकामी करायची एसएसडीची सोय) चालू असतं त्यामुळे बहुतेक वेळा हाती काही लागत नाही.

चोर पकडून झाला की मग स्टोरेज सेन्स चालू करा, सेटिंग्जमध्ये स्टोरेजच्याच पानावर आहे. टेम्पररी फाईलींची सफाई चालू ठेवा आणि रिसायकल बिन ३० दिवसांवर ठेवा. त्याच पानावर डाऊनलोड्स फोल्डरसाठीही दिवस ठरवता येतात, तो ‘नेव्हर’ वर असतो आणि तिथेच राहू द्या, कारण निम्मी माणसं डाऊनलोड्सलाच आपलं कपाट समजून महत्त्वाची कागदपत्रं तिथेच ठेवतात. दुसरा ड्राइव्ह किंवा पार्टिशन असेल तर डाऊनलोड्स, व्हिडिओ, डॉक्युमेंट्स या फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनच्या टॅबवरून ते तिकडे हलवता येतात. कट-पेस्ट करून हलवू नका, त्या टॅबवरचं ‘मूव्ह’ बटणच वापरा, म्हणजे प्रोग्रामनाही नवीन पत्ता कळतो.

ज्यांच्याकडे ६४ जीबीवाली मशीन आहेत त्यांच्याबाबत वरचं सगळं केलं तरी मोठ्या अपडेटच्या वेळी जागा कमी पडणारच, विंडोज ११ साठी ६४ हा किमान आकडा आहे आणि किमान म्हणजे अगदीच किमान. तिथे सफाईच्या मागे न लागता, अपडेट जागा नाही म्हणून अडलं की एक रिकामा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क जोडा, अपडेट स्वतःच तात्पुरत्या फाईली तिकडे ठेवायचा पर्याय देतं. अपडेट पूर्ण होऊन डेस्कटॉप परत दिसेपर्यंत तो पेनड्राइव्ह काढू नका.